जुनी मोठी गाडी देऊन जास्त ॲव्हरेजची छोटी गाडी घेतली, तर खरेच पैसे वाचतील का?

टिळकवाडीकर

नमस्कार. मी बेळगावात टिळकवाडीला राहतो आणि नोकरीसाठी रोज खानापूरला स्वतःच्या गाडीने जातो. जाऊन-येऊन ५२-५४ किलोमीटर होतात आणि रविवारची गावची फेरी धरून वर्षाला साधारण १५,००० किलोमीटर पडतात. गाडी २०१६ सालची, पेट्रोलवरची आणि मोठी आहे. टाकी फुल्ल करून सलग तीन वेळा मोजले तेव्हा ॲव्हरेज ११ च्या आसपास आले.

आता एक छोटी नवी गाडी पाहिली आहे. ती घेतलेल्या दोन सहकाऱ्यांना याच रस्त्यावर २० चे ॲव्हरेज मिळते. गाडी ऑन-रोड ९ लाखांना पडते आणि माझ्या गाडीचे २.२५ लाख येतील. उरलेल्या ६.७५ लाखांपैकी १.७५ लाख माझ्याकडे आहेत आणि ५ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी मिळते. विक्रेता म्हणतो की पेट्रोलच्या बचतीतच हप्ता निघेल. वडिलांचे म्हणणे असे की चालती गाडी विकू नये. गडहिंग्लजचा आतेभाऊ तर सुचवतो की त्याच्या नावावर कोल्हापुरात गाडी घ्यावी, म्हणजे कर कमी बसेल.

घरात धाकट्या भावाची छोटी गाडीही आहे. ती १६ देते, पण तो ती रोज उद्यमबागला नेतो, त्यामुळे ती हिशेबात धरलेली नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

हिशेबनीस

आपण आकडे मोजून दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. बहुतेक जण कंपनीने छापलेले ॲव्हरेज धरून हिशेब मांडतात आणि मग वर्षभराने रुसून बसतात. पेट्रोल १०३ रुपये लिटर धरू. १५,००० किलोमीटरला ११ च्या ॲव्हरेजने १,३६४ लिटर लागतात आणि २० च्या ॲव्हरेजने ७५० लिटर. फरक ६१४ लिटरचा, म्हणजे वर्षाला सुमारे ६३,००० रुपयांचा, महिन्याला ५,२५० च्या आसपास. आपल्या कर्जाचा हप्ता मात्र १०,३७९ रुपये बसतो. पेट्रोलमध्ये हप्ता निघेल हे विधान अर्ध्यानेच खरे आहे आणि त्यात हातचे १.७५ लाख धरलेलेच नाहीत.

अर्थात हप्त्याशी तुलना करणेही पूर्ण बरोबर नाही, कारण हप्ता फिटल्यावर गाडी आपलीच राहते. खरा खर्च म्हणजे घसारा, व्याज आणि कर. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीवर आजीवन कर १४ टक्के आहे आणि त्या करावर पुन्हा ११ टक्के अधिभार, म्हणजे जवळपास साडेपंधरा टक्के. ही रक्कम गाडी विकताना कोणी परत देत नाही. कर वगैरे वगळून साधारण साडेसात लाखांच्या या गाडीची विम्यातली किंमत पाच वर्षांनी निम्म्यावर येते, म्हणजे ९ लाख घातले त्यातले सव्वापाच लाख गेले असे समजावे. तेवढ्याच काळात आपली जुनी गाडी सव्वा लाखाने उतरेल असे धरू. फरक ४ लाखांचा झाला. त्यात कर्जाचे १.२३ लाख व्याज मिळवा आणि पेट्रोलचे वाचलेले ३.१६ लाख वजा करा. पाच वर्षांत दोन लाखांहून थोडी अधिक तूट उरते, म्हणजे वर्षाला साधारण ४१,००० रुपये. विम्याच्या हप्त्यातला फरक मी धरलेला नाही. तो धरला तर तूट वाढेलच.

तेव्हा प्रश्न असा उरतो की जुन्या गाडीची दुरुस्ती नव्या गाडीपेक्षा दरवर्षी ४१,००० रुपयांनी जास्त पडते का. गेल्या तीन वर्षांची गॅरेजची बिले काढून बघावीत. तशी पडत नसेल, तर वडिलांचे म्हणणे बरोबर आहे.

आणखी एक गोष्ट, जी फारशी कोणी लक्षात घेत नाही. ॲव्हरेजचा आकडा जसजसा वर जातो, तसतशी त्याच्या प्रत्येक पायरीची किंमत कमी होत जाते. १५,००० किलोमीटरला १० वरून १५ वर गेल्यास ५०० लिटर वाचतात, १५ वरून २० वर गेल्यास २५० आणि २० वरून २५ वर गेल्यास अवघे १५०. त्यामुळे २० ऐवजी २५ देणाऱ्या गाडीसाठी लाख-दीड लाख जास्त मोजताना पुन्हा एकदा कागद-पेन्सिल घ्यावी. पूर्वीचे जुने आकडेही आता धरू नयेत, कारण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. ऊस आपल्याच चिकोडी-अथणीकडचा असला, तरी ॲव्हरेजमधली घट सोसावी लागतेच.

घटप्रभेकाठचा

आतेभावाच्या सल्ल्याबद्दल एवढेच लिहितो. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर कर ११ टक्के आहे, म्हणून मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु गाडी राहणार बेळगावात आणि धावणार खानापूरला. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीची नोंदणी त्या राज्यात करून घ्यावी लागते, आणि मग ना-हरकत दाखला, इथला कर आणि तिकडच्या कराच्या परताव्यासाठी हेलपाटे, हे सगळे ओघानेच येते. शिवाय आतेभावाच्या नावावरची गाडी म्हणजे विम्याचा दावा करायची वेळ आली की प्रत्येक कागदावर त्यांची सही लागणार. एमएच-०९ च्या पाटीपायी नात्यात वाकडे येऊ देऊ नये.

शहापूरची सूनबाई

मला एक साधी शंका आहे. भाऊंची १६ देणारी गाडी रोज उद्यमबागला थोडेसेच अंतर जाते आणि आपली ११ देणारी गाडी रोज खानापूर गाठते, हे उलटे नाही का झाले? भाऊंचे वर्षाला ४,००० किलोमीटर धरले, तर आज दोन्ही गाड्यांना मिळून १,६१४ लिटर पेट्रोल लागते. गाड्यांची अदलाबदल केली आणि मोठी गाडी गावात ११ ऐवजी ९ च देते असे धरले, तरी एकूण १,३८२ लिटर लागतील. २३२ लिटर, म्हणजे जवळजवळ २४,००० रुपये, एक पैसा न घालता वाचतात. त्यानंतर १६ वरून २० वर जाण्यासाठी आपण नऊ लाखांची गाडी घेणार असाल, तर ती आपल्या फेऱ्यांवर वर्षाला साधारण १९,००० रुपयांचेच पेट्रोल वाचवेल.

आमच्या घरी हा बदल सासऱ्यांनी करायला लावला. यजमानांना पहिला आठवडा जड गेला, कारण मोठी गाडी म्हणजे मोठेपणा अशी त्यांची समजूत होती.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. गॅरेजची बिले काढली. तीन वर्षांत मिळून ५८,००० रुपये झाले आहेत आणि त्यात चार टायर व बॅटरीही आली. नव्या गाडीचे बुकिंग केलेले नाही. आतेभावाला फोन करून नम्रपणे नकार कळवला.

सूनबाईंची सूचना काल रात्री जेवताना मांडली. आईला ती लगेच पटली. भावाचे म्हणणे असे पडले की उद्यमबागच्या अरुंद गल्लीत मोठी गाडी लावणे कठीण आहे आणि तिचे जास्तीचे पेट्रोल त्याने का भरावे. दुसरा मुद्दा रास्त आहे. ४,००० किलोमीटरला ९ च्या ॲव्हरेजने ४४४ लिटर लागतात आणि १६ ने २५० लागत होते. म्हणजे १९४ लिटरचे सुमारे २०,००० रुपये मी त्याला द्यायचे असे ठरवले आहे, कारण खानापूरच्या फेऱ्यांत माझे त्याच्या दुपटीहून जास्त वाचतात. पार्किंगचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. सोमवारपासून पंधरा दिवस गाड्या बदलून पाहणार आहोत आणि दोन्ही टाक्या फुल्ल करूनच सुरुवात करणार आहोत.