मदत हवी आहे: बालगृहात सहा दिवस जाऊन येणं बरं, की न जाणंच बरं?

नमस्कार मंडळी. मी बेळगावची. आमच्या चर्चचा तरुण संघ दसऱ्याच्या सुटीत खानापूर तालुक्यातल्या एका बालगृहात सहा दिवस सेवेला जातो. (जागेचं नाव मुद्दाम देत नाही.) यंदा नावं द्यायची वेळ आलीय आणि माझा पाय उचलत नाहीये.

गेल्या वर्षी पहिल्यांदा गेले. आम्ही चौदा जण, टेम्पोभर सामान, मुक्काम गावातल्या चर्चच्या खोल्यांत. सकाळी हातवारे करत गाणी, मग बाहुल्या नाचवून बायबलमधली गोष्ट, दुपारी खेळ, शेवटच्या दिवशी बिर्याणी आणि प्रत्येकाला भेट. कार्यक्रम झकास झाला, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट तिथे गेल्यावर कळली. आपण अनाथाश्रम म्हणतो, तरी तिथल्या बऱ्याच मुलांची आई किंवा आजी आहे. घरी भागत नाही म्हणून ठेवलेली. सुटी लागली की ती घरी जातात. मागे उरतात ती ज्यांना न्यायला कोणीच येत नाही अशी, आणि आम्ही जातो ते नेमके तेव्हाच.

त्यातला एक सात-आठ वर्षांचा. पहिले दोन दिवस खांबाआडून बघत होता, तिसऱ्या दिवसापासून ओढणीचं टोक सोडेना. मराठी जेमतेम, माझं कन्नड तसंच. संध्याकाळी निघताना रोज एकच विचारायचा, "नाळे बरतीरा, अक्का?" उद्या येणार का? मी रोज हो म्हणायचे, आणि ते खरं होतं. सहाव्या दिवशी टेम्पोत चढताना त्याने परत विचारलं आणि माझ्या तोंडून सवयीने "हो"च गेलं.

नाताळात धान्य पोचवायला गेलो तेव्हा स्वयंपाकाच्या मावशींनी मला बाजूला घेतलं. "तुमी येताय, ग्वाड खायला घालताय, जाताय. मागनं पोरगं हॉर्न वाजला की गेटाकडं पळतंय. त्याला आवरायचं कुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, प्रेम कधी वाया जात नाही. माणूस देवमाणूस आहे, पण गेटाकडे पळताना त्यांनी त्या पोराला पाहिलेलं नाही.

तर जावं का? जायचं तर काय करावं, जेणेकरून मागे हे उरणार नाही? आणि देणगीदारांना मुलांचे फोटो हवे असतात, त्याचं काय करता तुम्ही लोक?

निवृत्त मास्तर
ताई, फोटोचं आधी, कारण त्यात मतांचा प्रश्नच नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वाचा. अशा मुलांची ओळख पटेल असं नाव, फोटो, शाळा काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या संघाने गेल्या वर्षीचे टाकले असतील तर आजच काढा. दुसरं, कलम ४१ खाली त्या बालगृहाची नोंदणी आहे का ते विचारा. ती पाच वर्षांची असते, कागद दाखवायला कोणी कां-कूं करू नये. एकट्या मोठ्या माणसाने मुलाला घेऊन बंद खोलीत बसायचं नाही, हा नियम तुमचा तुम्हीच घालून घ्या. काही खटकलं तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन.

आणि गोष्टी, प्रार्थना जपून. कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक २०२१ च्या डिसेंबरात आपल्या बेळगावच्या सुवर्णसौधातच विधानसभेत मंजूर झालं. अल्पवयीनांच्या बाबतीत शिक्षा तीन ते दहा वर्षं. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने कायदा मागे घ्यायचं ठरवलं, पण त्या भरवशावर भेटवस्तू आणि प्रार्थना एका पिशवीत घालू नका. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

ज्यांची आई आहे त्यांच्यासाठी मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेत प्रायोजकत्व आहे, दरमहा ४००० रुपये, मूल घरीच राहतं. बिर्याणीच्या खर्चात एखाद्या आईला कागदपत्रं घेऊन बालकल्याण समितीपर्यंत चार फेऱ्या मारता येतील.

भिजकी छत्री
मी अशाच ठिकाणी वाढलो, नऊ वर्षं. तुमच्यासारखे ग्रुप दर सुटीला यायचे. खोटं वाटेल, पण त्यातला एक चेहरा आठवत नाही. आम्ही हुशार झालो होतो, कोणाकडे गेलं की चॉकलेट मिळतं ते पहिल्या तासात कळायचं.

आठवतो तो एकच माणूस. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी यायचा, व्हरांड्यात बसून छत्र्या दुरुस्त करायचा. आपल्या भागातला पाऊस ठाऊक आहेच. आम्ही भोवती बसायचो, तो फार बोलायचा नाही. जाताना म्हणायचा, "आता पुढच्या दुसऱ्या रविवारी." आणि यायचा. येणार नसला तर आधी निरोप यायचा. तेवढंच.

ताई, त्या पोराला परत भेटा. मागच्या वेळी खोटं बोलले म्हणून सांगा आणि पुढची तारीख सांगा. कॅलेंडरवर त्याच्याच हाताने खूण करून घ्या.

लोंडा पॅसेंजर
चौदा जण आणि बाहुल्या! घरच्या लग्नात एवढं वऱ्हाड आलं तर आपण स्वतःच गेटाकडे पळतो. दोघंच जा हो.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. छत्रीदादा, तुमचा प्रतिसाद पाळकसाहेबांना वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते, मग "दोघं जा" म्हणाले. फोटो ग्रुपवरून काढले, त्यावरून संघात थोडी धुसफूस झाली, ती होऊ दे. सहा दिवसांचा कार्यक्रम यंदा रद्द. मी आणि एक मैत्रीण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जाणार, सकाळच्या खानापूर बसने. तिचं कन्नड पक्कं आहे, ती दहावीच्या मुलींचा अभ्यास घेईल. मी मावशींच्या हाताखाली. त्यांनी फोनवर विचारलं, "चपात्या येताय न्हवं लाटायला?"

आता एकच मदत हवी. छत्रीच्या काड्या आणि दांडे बेळगावात घाऊक कुठे मिळतात, आणि ते बसवायला शिकवणारं कोणी आहे का?