बेटावरचा हॉटेलमालक सभागृहात बसतो तेव्हा

खानापूरकर:
खानापूर तालुक्यात माझे आठ खोल्यांचे लॉज असून मी ग्रामपंचायतीचा सदस्यही आहे. एप्रिलमधील ग्रामसभेत मी पाणी जपून वापरण्याविषयी बोलत असतानाच माझ्या लॉजसाठी मागवलेला टँकर समोरच्या रस्त्यावरून गेला, आणि मागच्या रांगेत हशा पिकला. इंग्लिश खाडीतील सार्क बेटावर जेमतेम पाचशे लोकवस्ती असताना हॉटेलमालक लोकप्रतिनिधीही असतात, असे वाचले. धंदा आणि गावकी यांचा मेळ ते कसा घालत असावेत?

टिळकवाडीकर:
सार्कजवळच्या गर्न्सी बेटावरील एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी दोन हंगाम काम केले, आणि सुट्टीच्या दिवशी बोटीने सार्कला जात असे. तेथे मोटारींना बंदी आहे. धक्क्यावरून पाहुण्यांच्या बॅगा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून चढ चढतात, आणि पिण्याचे पाणी नळयोजनेचे नसून विहिरींचे किंवा बोअरचे असते. म्हणजे पाण्याचा विषय निघाला की हॉटेलमालक आपसूकच त्यात गुंतलेला असतो. २००८ पर्यंत जमीनधारकांना तेथील सभागृहात, म्हणजे ‘चीफ प्लीज’मध्ये, जमिनीच्या मालकीमुळे हक्काने जागा मिळत असे, त्या वर्षी १० डिसेंबरला २८ जागांसाठी पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. निकाल मनाजोगा न लागल्याने बड्या गुंतवणूकदारांनी आपली हॉटेले लगेच बंद केली, आणि ऐन नाताळाच्या तोंडावर अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. एवढ्याशा गावात हॉटेलच्या दाराला कुलूप लावणे हेदेखील राजकारणच ठरते.

निपाणीकर:
सार्कचे सदस्य विनामोबदला काम करतात, याचे कौतुक मला तरी फारसे वाटत नाही. सभागृहाची उन्हाळी बैठक पर्यटनाच्या भरात येते. अशा वेळी हॉटेल दुसऱ्यावर सोपवून जाणे ज्याला परवडते, तोच तेथे बसू शकतो. आपल्याकडे मानधन आहे, भले ते चहापाण्यापुरते असो. टँकर मागवण्यात गैर काही नाही, मात्र तो कोणाच्या पैशाने आला हे लोकांना दिसले पाहिजे. पंचायतीत बोअरचा ठराव आला, तर त्यात आपला संबंध असल्याचे आधीच सांगून मतदानापासून दूर राहावे, आणि तशी नोंद इतिवृत्तात करून घ्यावी.

खानापूरकर:
आभारी आहे. पुढील सभेत बोअरच्या विषयाला बाहेर बसेन, आणि टँकरच्या पावत्या काउंटरमागील खिळ्याला अडकवून ठेवल्या आहेत, त्या आता पंचायतीच्या फलकावर लावतो.