सनकोट: उन्हाला अडवतो की घामाला?

पेठेतली_सुमी (धागाकर्ती)

मंगळवारी दुपारी दीड वाजता मी एका सिग्नलला स्कूटरवर उभी होते. आकडा ९० वरून खाली येत होता. अंगात सनकोट, चेन गळ्यापर्यंत, हातात मोजे, तोंडाला स्कार्फ आणि वर हेल्मेट. चाळणीत ठेवलेल्या मोदकाला काय वाटत असेल ते मला त्या दीड मिनिटात कळलं. घरी पोचल्यावर फरशीवर आडवी झाले ती अर्ध्या तासाने उठले.

त्याच संध्याकाळी वहिनीने चौदाशे रुपयांचा नवीन सनकोट दाखवला. 'यूपीएफ ५०+' असं लेबल, म्हणजे कापड उन्हातले अतिनील किरण किती अडवतं त्याचा आकडा. मी म्हटलं, अगं, हे अंगावर घालायचं आहे की बंकर बांधायचाय?

माझं म्हणणं सरळ आहे. सनकोट हा उन्हापेक्षा 'काळी पडशील' या भीतीवर खपतो. आपल्या कातडीत मेलॅनिन भरपूर, गोऱ्या लोकांइतका त्वचेचा कर्करोग आपल्याकडे होत नाही. मग ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्यांसाठी काढलेला आकडा आपण का मिरवायचा? मी सनकोट माळ्यावर टाकलाय. आता बाबांचा जुना सुती फुल शर्ट घालते. हवा खेळते आणि फुकट आहे. कुणाला पटत नसेल तर कारण सांगा, नुसतं 'डॉक्टर म्हणतात' नको.

कोष्टीगल्ली

असहमत, आणि कारणासकट. माझं आयुष्य इचलकरंजीत यंत्रमागाच्या आवाजात गेलंय, त्यामुळे कापडाबद्दल बोलतो, कातडीबद्दल डॉक्टरांनी बोलावं.

यूपीएफ म्हणजे अतिनील किरणांचा कितवा हिस्सा कापडातून आत येतो. ५० म्हणजे पन्नासावा, दोन टक्के. ५ म्हणजे वीस टक्के. पातळ पांढरा होजिअरीचा टी-शर्ट साधारण ५ ते ७ च्या घरात असतो, आणि ओला झाला की आणखी खाली घसरतो. का? रंगपंचमीला भिजलेला पांढरा सदरा आठवा. धाग्यांमधल्या फटींत पाणी भरलं की प्रकाश विखुरत नाही, सरळ आरपार जातो. घामानेही तेच होतं.

किरण अडतो तो मुख्यतः विणीत. ताणा-बाणा घट्ट बसलेला पॉपलिन आणि जाळीदार मलमल दोन्ही 'सुती'च, पण एक भिंत आणि दुसरी चाळण. जीन्सचं कापड तर अतिनीलाला दादच देत नाही. दुसरी गोष्ट रंग: गडद रंग जास्त किरण गिळतो. तिसरी गोष्ट लोकांना ठाऊकच नसते. ब्लीच न केलेलं मांजरपाट हे त्याच विणीच्या पांढऱ्याशुभ्र कापडापेक्षा जास्त किरण अडवतं, कारण कापसातली नैसर्गिक द्रव्यं ब्लीचमध्ये निघून जातात. आपण कापड गोरं करतो आणि त्याचं संरक्षण धुऊन टाकतो. (इथेही गोरेपणाच आडवा आला, सुमीताई!)

पॉलिस्टरला नाकं मुरडू नका. त्याच्या रेणूतच अशी कडी आहे की ती त्वचा भाजणारे किरण गिळते. म्हणजे अडवण्याच्या कामात ते बऱ्याचदा सुतापेक्षा सरस. तेव्हा प्रश्न बाबांचा शर्ट सुती आहे का हा नाही. त्याची वीण कशी आहे, हा आहे.

किनारा_सोडून_नाही

कोष्टीबुवा, तुमचं कापडाचं सगळं खरं धरलं तरी माणूस काय नुसता अतिनीलाने मरतो? मी रत्नागिरीत मे महिन्यात आंबा उतरवणाऱ्यांबरोबर असतो. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण *वाळला तर*. आमच्या दमट हवेत तो वाळतच नाही, टपटप गळतो, आणि गळलेला घाम काही गार करत नाही. त्यावर चेन लावलेला पॉलिस्टरचा कोट म्हणजे कुकरची शिट्टी बंद करून ठेवणं.

सिनाईच्या वाळवंटातले बेदुइन, म्हणजे भटके अरब लोक काळे झगे का घालतात, यावर १९८० साली 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापून आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, पण त्वचेपर्यंत पोचणारी उष्णता दोन्हीत सारखीच निघाली. जादा ताप झग्याच्या आतल्या हवेबरोबर बाहेर निघून जात होता. म्हणजे कापडाचा रंग नव्हे, *ढगळपणा* कामाला आला. सनकोटाला मनगटावर इलास्टिक, कमरेला इलास्टिक, गळ्याला चेन. हवा जाणार कुठून?

सुमीला +१.

वऱ्हाडी_ठेचा

काऊन कोकणचा नियम साऱ्या महाराष्ट्राले लावता भाऊ? नागपुरात पारा ४५ ला जातो. कातडी असते ३५ च्या आसपास. म्हणजे आमची *हवाच* आमच्यापेक्षा गरम. तिथे अंग उघडं ठेवणं म्हणजे भट्टीच्या तोंडाशी हात धरणं. आमच्याकडे दुपट्टा डोक्याले, कानाले, तोंडाले गुंडाळल्याशिवाय कोणी निघत नाही, आणि त्यात फॅशनचा काही संबंध नाही. शेतकरी दुपट्टा ओला करून बांधतो. हवा कोरडी, पाणी झपाट्याने उडतं, डोकं कूलरसारखं गार. (खिशात कांदाही ठेवतो. कांद्याने काय होतं ते विचारू नका, आजीने सांगितलंय.)

तर सनकोट नको हे पुण्याच्या सिग्नलवरून ठरवू नका. झाकणं आमच्याकडे जिवाचा प्रश्न आहे.

किनारा_सोडून_नाही

@वऱ्हाडी, पण मग तुम्ही माझंच म्हणताय की. ओला दुपट्टा चालतो कारण पाणी उडतं. पॉलिस्टरचा कोट ओला करून बघा.

वऱ्हाडी_ठेचा

कोट कोण म्हणतंय? मी झाकण्याचं म्हणतोय!

सावलीतली_बाई

मला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार. तुमच्यासाठी हा वादाचा विषय आहे, माझ्यासाठी औषधाचा. दहा मिनिटं ऊन लागलं की गालावर चट्टे, आठवडाभर सांधे धरलेले, कधीकधी ताप. मी यूपीएफचं लेबल बघूनच घेते आणि त्यात उकडतं, हे मान्य. पण 'आपल्याकडे मेलॅनिन आहे' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसायला येतं. मेलॅनिनने वांग थांबत नाही, डोळ्यातला मोतीबिंदू थांबत नाही, आणि माझा आजार तर नाहीच नाही. एका चुलत सासूबाईंनी मला लग्नात विचारलं होतं, 'एवढं झाकून फिरतेस, गोरी व्हायचंय का?' सुमीताई, तुमचा रोख त्या दिशेला असेल तर तो बाजारावर ठेवा. सनकोट घातलेल्या प्रत्येक बाईवर नको.

मेलबर्नकर

थोडं इथलं सांगतो. यूपीएफ मोजण्याचं जगातलं पहिलं मानक इथलंच, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने मिळून १९९६ मध्ये केलेलं. 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही सदरा-मलम-टोपीची मोहीम तर १९८१ पासूनची. माझ्या मुलीच्या शाळेत टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत मैदानावर खेळता येत नाही, सावलीत बसायचं. पहिल्या वर्षी मला हे थोतांड वाटलं होतं. त्वचेच्या कर्करोगामुळे शेजारच्या आजोबांच्या कानाचा तुकडा कापलेला पाहिला आणि गप्प झालो.

तरीही सुमीशी एका बाबतीत सहमत. ते कापड कापलेलं समुद्रकिनाऱ्यासाठी, पाण्यात भिजायचं असतं म्हणून. तेच अंगाला चिकटणारं कापड पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये घालणं विचित्रच. शिवाय १५ आणि ५० मध्ये वाटतं तेवढं अंतर नाही: १५ मधून सुमारे सात टक्के आत येतं, ५० मधून दोन. निरोगी, सावळ्या माणसाला ऑफिसला जायला-यायला पहिलं पुरे. सावलीतल्या बाईंना दुसरंच हवं.

भट्टीवाला

कोल्हापुरात फौंड्रीत काम करतो. वितळलेलं लोखंड ओतताना आम्ही अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला अ‍ॅप्रन बांधतो. चमकतो तेवढाच उपयोगाचा, कारण समोरून येणारी धग तो आरशासारखी परत फेकतो. काजळी बसली की निकामी, म्हणून पाळी संपली की पुसून ठेवायचा. पण तो फक्त *पुढून* असतो. पाठ मोकळी. मागून घाम वाळतो म्हणून माणूस उभा राहू शकतो. नवीन पोरगा एकदा थंडीचं जाकीट घालून त्यावर अ‍ॅप्रन बांधून आला. दहा मिनिटांत बाहेर नेऊन पाणी मारावं लागलं.

उन्हाचं मात्र अवघड आहे, ते चारी बाजूंनी येतं.

बांधावरून

सगळे लेबल वाचताय म्हणून आठवलं. आमच्या बीडकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बाया बघा. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, वर पदर. पाचटाने हात कापू नयेत हे पहिलं कारण, ऊन हे दुसरं. ढगळ शर्ट, हवा आत-बाहेर, घाम आला तरी बाहीतच वाळतो. त्या शर्टाचं यूपीएफ कुणी मोजलेलं नाही आणि त्यांना 'काळी पडशील' असं सांगणारंही कुणी नाही. त्यांना सावली हवी असते आणि पाणी. ते मुकादमाकडे मागा म्हणावं.

पेठेतली_सुमी

सावलीतल्या ताई, तुमचं बोलणं लागलं. माझं वाक्य सरसकट होतं, मागे घेते. मोहीम बाजाराविरुद्धच.

बाकी माझं मत तेवढं बदललेलं नाही. वऱ्हाड आणि कोकण दोघांनी भांडून एकच सांगितलं: झाका, पण सैल झाका. सनकोट शिवणाऱ्यांनी मनगटाचं इलास्टिक काढलं आणि काखेत जाळी दिली, तर मी चौदाशे देईन.

कोष्टीकाका, टिनोपॉलचं काय? आई बाबांच्या पांढऱ्या शर्टांना टिनोपॉल घालायची.

कोष्टीगल्ली

उत्तम करायच्या. टिनोपॉल अतिनील किरण गिळतो आणि त्याचाच निळसर उजेड बाहेर टाकतो, म्हणून कापड शुभ्र दिसतं. डिस्कोच्या जांभळ्या दिव्याखाली पांढरा शर्ट चमकतो ना, तेच. ब्लीचने घालवलेलं थोडं परत मिळतं. साधी नीळ मात्र नुसता रंग, ती तसं चमकत नाही.

शर्ट बल्बसमोर धरा. वीण मोकळी असेल तर उजेडाचे ठिपके दिसतील. ही ढोबळ चाचणी आहे, पॉलिस्टरला लागू नाही, पण जुन्या सुती शर्टाला चालेल.

पेठेतली_सुमी

धरला. बाह्या ठीक, पाठ ठीक. खांद्यावर बल्ब स्वच्छ दिसतोय.

कोष्टीगल्ली

शर्टाच्या खांद्याला दुहेरी कापड असतं. तिथूनही दिसत असेल तर शर्ट गेला. बाबांचा दुसरा काढा.