मदत हवी आहे: हॉस्पिटलात एवढा गारठा कशासाठी ठेवतात?

आईचं (वय ७४) खुब्याचं ऑपरेशन परवा नाशकात झालं. ऑपरेशन छान झालं, पण बाहेर आणलं तेव्हा दात इतके वाजत होते की तिला धड बोलता येईना. आता आयसीयूत आहे आणि एसीचा झोत थेट तिच्या अंगावर. निफाडहून भेटायला आलेले पाहुणेसुद्धा आत शिरल्यावर कानटोपी काढत नाहीत, यावरून काय ते समजा.

सिस्टर म्हणतात, एसी सेंट्रल आहे, आमच्या हातात नाही. मामा म्हणतो, थंडीत जंतू मरतात. मग फ्रीजमधल्या चटणीला बुरशी का येते? खरं कारण काय, आणि तिच्यासाठी काय मागून घेता येईल? डॉक्टर राउंडला दोन मिनिटं येतात, तेवढ्यात नेमकं काय विचारू?

प्रतिसाद: ताई, मी ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन आहे. थंडीने जंतू मरत नाहीत, फार तर वाढ मंदावते. ओटीत जंतू आवरतात ते गाळलेल्या हवेने. ती तासाला किमान २० वेळा बदलावी लागते. तापमान साधारण २० ते २४ अंश असतं, कारण गाऊन, दोन-दोन हातमोजे आणि डोक्यावर दिवे असताना सर्जनचा घाम जखमेत पडून चालत नाही. दमटपणाही ६० टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो, नाहीतर बुरशी धरते.

आईंना कापरं भरलं ते बहुधा भुलीमुळे. रक्तवाहिन्या सैल पडतात, आतली ऊब कातडीवाटे निघून जाते. अंग ३६ अंशांच्या खाली गेलं तर जखमेत जंतुसंसर्ग व्हायचा धोका वाढतो, म्हणून 'गरम हवेचं ब्लँकेट आहे का' हे हक्काने विचारा. पलंग झोतातून सरकवायला सांगा. डोक्याला टोपी, पायात मोजे.

गरम पाण्याची पिशवी मात्र अजिबात नको. कमरेतून भूल दिली असेल तर पाय बधिर असतात, भाजलेलं कळतही नाही. आणि रक्त चढवताना थंडी वाजली किंवा सोबत ताप आला, तर पांघरूण शोधत बसू नका, लगेच सिस्टरला हाक मारा.

धागाकर्ती: खूप आभार! मावशी पिशवी घेऊन निघालीच होती, तिला फोन करून थांबवलं. पलंग सरकवून मिळाला, ब्लँकेटचं संध्याकाळी बघतो म्हणालेत. घरची धुतलेली शाल आयसीयूत चालते का हो?