अनुभव धागा: ज्यांच्या बोलण्यावर इतरांचं काम ठरतं, त्यांच्यासाठी

सभाधीटपणा कसा आणावा यावर भरपूर लिहिलं जातं. पण टीम, विभाग किंवा संघटना सांभाळणाऱ्याची भीती गेली म्हणून भागत नाही. त्याचं बोलणं ऐकून उद्या कुणीतरी काहीतरी करणार असतं. तुम्ही तयारी कशी करता, काय उपयोगी पडलं, काय सोडून दिलंत, ते लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

विभागप्रमुख
दोन विभाग एकत्र होणार हे माझ्या लोकांना मला सांगायचं होतं. वरून आलेल्या मसुद्यात आधी बाजारातली स्पर्धा, मग धोरण आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी ‘मनुष्यबळात कपात नाही’. ते वाक्य मी उचलून सगळ्यात वर नेलं. नमस्कार झाल्या झाल्या म्हटलं, “कुणाचीही नोकरी जात नाहीये. बदलणार आहे ते तुम्ही कुणाला रिपोर्ट करता, एवढंच.” आणि थांबले. मागच्या रांगेतले घडी घातलेले हात सुटले, एकाने वही उघडली. पुढे स्पर्धेबद्दलचंही लोकांनी नीट ऐकून घेतलं.

निर्णय आपल्या डोक्यात महिनोन्महिने घोळलेला असतो. समोरचा तो पहिल्यांदाच ऐकतो. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला प्रयोग यासाठी मी नेहमी सांगते. एकाने टेबलावर बोटांनी ओळखीच्या गाण्याचा ठेका वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या मनात चाल चालू असते, ऐकणाऱ्याच्या कानावर फक्त टकटक पडते.

वॉर्डची इन्चार्ज सिस्टर
आमच्याकडे भाषण नसतं, ड्युटी बदलताना दोन मिनिटं मिळतात. क्रम ठरलेला: आत्ता काय चाललंय, आधी काय झालं, मला काय वाटतं, काय करायला हवं. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आली. “समजलं ना?” हा प्रश्न मी बंद केला, कारण नवीन मुली हमखास “हो” म्हणतात. आता विचारते, “पहिल्या तासात तू काय काय करणार, सांग बरं.” राहून गेलेलं तिथल्या तिथे कळतं.

टोस्टमास्टर्सचा सदस्य
टोस्टमास्टर्स म्हणजे भाषणाचा सराव करायचे क्लब. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये सुरू केलेल्या या क्लबांमध्ये नेहमीच्या ५ ते ७ मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवा दिवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल. एक जण तुमचे “अं”, “म्हणजे”, “ॲक्च्युअली” मोजत बसतो. त्या जागी गप्प राहायला शिकलो, हा माझा सगळ्यात मोठा फायदा. आम्हाला एका प्रशिक्षकांनी असंही सांगितलं होतं की ९३ टक्के परिणाम देहबोलीचा आणि आवाजाचा असतो, शब्दांचा फक्त ७.

वरच्याला उत्तर
बाकी सगळं पटलं, पण तो आकडा कृपया पुढे नेऊ नका. तो मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आलाय, आणि ते प्रयोग भावना आणि आवड-नावड पोचवण्याबद्दल होते. सुटे शब्द, सूर आणि चेहरा यांचा मेळ बसत नसेल तर माणूस कशावर विश्वास ठेवतो, एवढंच त्यात तपासलं होतं. त्यावरून नेत्याने मजकुराची तयारी कमी करावी असं ठरत नाही. मजकूर पोकळ असेल तर हातवारे त्याला तारत नाहीत.

अडखळत बोलणारा टीम लीड
बोलताना मी लहानपणापासून अडखळतो, आजही. ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज हेही अडखळत बोलायचे, हे वाचलं तेव्हा धीर आला. वाचा-उपचारक लायनेल लोग यांच्याकडे ते १९२६ पासून श्वासाचे आणि उच्चारांचे व्यायाम करत होते. ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू झाल्याचं रेडिओवरून सांगतानाही लोग शेजारी उभे होते. मी माझ्या कागदावर श्वासाच्या जागी तिरकी रेघ मारतो, अवघड अक्षराने सुरू होणारं वाक्य फिरवून लिहितो. आणि सुरुवातीलाच सांगतो, “मी अडखळेन, माझं वाक्य मलाच पुरं करू द्या.” टीम थांबते. आता मीटिंगमध्ये बाकीचेही एकमेकांचं बोलणं कमी तोडतात.

संघटनेची सचिव
“काही प्रश्न?” विचारलं की सगळे खाली बघतात. म्हणून मी आदल्या दिवशी बिननावाच्या चिठ्ठ्या मागवते आणि सगळ्यात टोचणारी पहिली घेते. उत्तर ठाऊक नसेल तर कधी सांगेन तो वार सांगते. त्या वारी उत्तर हाती नसलं तरी तेवढं कळवायला उभी राहते.