रविवारी तांबडी सुर्लला कोण कोण येणार?

ए-302: शिगमो झाला, मुलांच्या परीक्षाही संपत आल्या. रविवारी तांबडी सुर्लच्या धबधब्यापर्यंत चालत जायचं का? आम्ही चौघं नक्की.

बी-104: आम्ही तिघं. पण आता धबधब्याला पाणी असेल का हो ताई?

सी-201: धार नसणारच. व्हाळात, म्हणजे ओढ्यात, कुठेकुठे कोंडी साचलेली असेल, तेवढंच. ते पाणी पिऊ नका, माणशी दोन लिटर घरूनच घ्या. पण रान बघायचं तर आताच बघावं. कोशिंबाला अशी लाल पालवी फुटते की लांबून अख्खं झाड फुललंय असं वाटतं.

माझं गाव सत्तरीत, म्हणून कळकळीने सांगतो, गोचिडीला हलकं समजू नका. सत्तरीत 2015 पासून गोचीड चावून होणारा माकडताप आहे आणि तो साधारण डिसेंबर ते मे याच दिवसांत येतो. काजू गोळा करायला गेलेल्या माझ्या मामेभावाला झाला होता. ताप उतरला तरी दोन महिने त्याच्या अंगात ताकद नव्हती. या दिवसांतली गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, चावली तरी कळत नाही. पूर्ण बाह्या, लांब पँट, पँटचे पाय मोज्यात खोचलेले. पाचोळ्यात बसायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवायचं. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि मुलांच्या काखा, जांघा, कानामागे नीट बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटाने चिरडू नका.

ए-302: बापरे काका, हे माहीतच नव्हतं. मुलांना नेऊ ना?

सी-201: न्या की! फक्त पुढच्या आठवड्याभरात ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आधी सांगा.

डी-303: वर तीन दगड मांडून चहा करूया का? मी टोप आणतो.

सी-201: नको रे बाबा. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा विझवायला नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. आता पाचोळा घोटाभर असतो, एक ठिणगी पुरे. शेकरूची घरटी, सरपटणारे जीव, सगळं जातं. चहा थर्मासमधून न्या, बिडी-सिगरेट गाडीतच ठेवा.

बी-104: खरं आहे. गेल्या वर्षी उतारावर त्या पाचोळ्यावरूनच माझा पाय सटकला, खालचं मूळ दिसलंच नाही. काठी हवी, आणि सपाट चपला नकोत.

ए-302: देव बरें करूं काका. अभयारण्याच्या परवानगीची चौकशी मी उद्या करते, गावातला वाटाड्याही बघते. सहाला निघूया?

सी-201: साडेपाचला. दहानंतर चढावर वारा हलत नाही, मुलं दमतात. खाली उतरल्यावर महादेवाचं दर्शन घेऊ, कदंबांच्या काळातलं देऊळ आहे, आत गार असतं.

डी-303: साडेपाच, गेटपाशी. थर्मास माझा.