शेपटी बघा, मग ठरवा

कोंबडीची पिल्लं नेणारा पक्षी ससाणा असावा, असं तुम्ही लिहिलंय. पण तुमच्या वर्णनात त्याची शेपूट मधोमध खाचलेली आहे, म्हणजे तुमचा 'ससाणा' बहुधा घार आहे. शेपूट पूर्ण पसरली की खाच जवळजवळ दिसेनाशी होते, म्हणून वळण घेताना पाहू नका, सरळ तरंगताना पाहा. घारीचं वजन किलोच्या आसपास असतं. ती उघड्यावरची लहान पिल्लं झडप घालून नेते, पूर्ण वाढलेली कोंबडी तिला उचलत नाही.

खरी काळजी शिक्र्याची. आकाराने कबुतराएवढा, पंख आखूड व गोलसर, शेपूट लांब आणि पट्टेरी. तो वर घिरट्या घालत बसत नाही. झाडाच्या दाट फांदीत दडून राहतो आणि जमिनीलगत वेगाने येतो, त्यामुळे दिसेपर्यंत पिल्लू गेलेलं असतं. वजन पाव किलोच्याही आत, म्हणजे मोठ्या कोंबड्यांना धोका नाही. एका जागी पंख फडफडवत हवेत थांबणारी पांढुरकी, लाल डोळ्यांची कापशी उंदीर-टोळ खाते. तिला मुळीच हुसकावू नका.

कोंबडी रात्रीत गेली असेल तर यांतला कुणीच नाही. मांजर किंवा घुबडाचा विचार करा.

पिल्लं निदान 8 आठवड्यांची होईपर्यंत वरून 5 सेंमी जाळीचं छत हवंच. जाळी ताणून बांधा, सैल राहिली तर पक्षी अडकून मरतो. बाजूही बंद करा, शिक्रा नेमका तिथूनच शिरतो.